झिग्मुंटच्या खिडकीतली पाटी

१

झिग्मुंट व्रुबेल यांना जाऊन तीन आठवडे झाले होते, आणि शनिवारी सकाळी त्यांच्या खिडकीत प्रचाराची पाटी झळकत होती.

हालिनाने गाडी गल्लीच्या मधोमध थांबवली आणि काचेतून बघत राहिली. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं होती : 'महापौरपदासाठी मॅकगर्क.' चारही कोपरे चिकटपट्टीने नीट बसवलेले होते. खिडकी आतून बंद होती, घराला दोन कुलपं होती आणि घराचा मालक शहरापलीकडच्या दफनभूमीत होता.

"या शहरात मेलेली माणसं मतं देतात, हे ऐकून होते," ती स्वतःशीच म्हणाली. "आता प्रचारही करायला लागली."

मागून भोंगा वाजला. ती चडफडत उतरली. घरासमोरची जागा ताताची होती. (वडिलांना ती लहानपणापासून ताता म्हणायची.) गुरुवारी मोठं बर्फ पडलं, तेव्हा तिनेच फावड्याने ती जागा मोकळी केली होती आणि मध्ये ताताची पिवळ्या गादीची स्वयंपाकघरातली खुर्ची ठेवली होती. ज्याने जागा उपसली त्याची ती जागा, हा शिकागोच्या गल्ल्यांचा कायदा पोलीसही मोडत नाहीत. मेलेल्या माणसासाठी जागा धरून काय करायचं होतं, ते तिला सांगता आलं नसतं. इतकी वर्षं हिवाळ्यात ती खुर्ची तिथे असायची, म्हणून तिने ठेवली, इतकंच.

तिने खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवली. समोर सोब्चाककाकांची जागा त्यांच्या इस्त्रीच्या टेबलाने अडवली होती आणि त्या टेबलावर काल संध्याकाळी भुरभुरलेल्या बर्फाचा पांढरा थर पिठासारखा बसला होता. हालिनाच्या हातमोज्यांना मात्र काही लागलं नाही. ताताच्या जागेतलं डांबर कोरडं, काळं होतं. गाडी पटकन लागली, एवढंच तेव्हा तिला बरं वाटलं.

पायऱ्याही लख्ख झाडलेल्या होत्या. वर राहणाऱ्या भाडेकरू बारिएन्तोसबाई झाडू घेऊन उभ्या होत्या. कोणाच्या पावलांचे ठसे उमटले असतील, तर ते आता कचऱ्याच्या पिंपामागे ढिगात गेले होते.

"पोरी!" बाईंनी झाडू टाकून तिला मिठी मारली. "चांगलं केलंस गं. खिडकी रिकामी बघवत नव्हती. पण एक सांगू? मॅकगर्क? शेवटी मॅकगर्कच सापडला तुला?"

"मी लावलेली नाही," हालिना म्हणाली.

बाईंची मिठी सैल झाली. "मग कोणी लावली?"

२

ती खिडकी काय होती, हे त्या गल्लीबाहेरच्या माणसाला कळणं कठीण. झिग्मुंट व्रुबेल बसच्या आगारात मेकॅनिक होते आणि उरलेल्या वेळात गल्लीचे कार्यकर्ते. ज्याचा दिवा गेला, ज्याचं झाड पडलं, ज्याच्या आईला रुग्णालयात न्यायचं होतं, तो पहिल्यांदा त्यांचं दार वाजवायचा. या शहरात महापौराच्या मतपत्रिकेवर पक्षाचं नाव नसतं की चिन्ह नसतं, नुसती माणसांची नावं. लोक गोंधळायचे. मग झिग्मुंटच्या खिडकीत कोणाची पाटी आहे ते बघायचे आणि जाऊन त्याच नावापुढे खूण करून यायचे.

यंदा नऊजण उभे होते. नऊही जण म्हणत होते की आपण कोणाचेच नाही, फक्त शहराचे आहोत. रुग्णालयातल्या शेवटच्या आठवड्यात हालिनाने विचारलं होतं, "ताता, यंदा कोणाची पाटी लावू?" त्यांनी नाकातली नळी सारखी केली आणि म्हणाले, "कोणाचीच नाही. यंदा खिडकी रिकामी ठेव. वाचू देत लोकांना जरा."

तेव्हा खोलीत दुसरं कोणी नव्हतं. तिला त्या वाक्याचा पुरावा द्यायचा झाला, तर तिच्याकडे स्वतःच्या शब्दाखेरीज काही नव्हतं.

पाटी ती ओढून काढणारच होती, पण बारिएन्तोसबाईंनी खिशातून एक रंगीत पत्रक काढून पुढे केलं. सकाळी घरोघर टाकलेलं. त्यावर याच खिडकीचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं : 'झिग्मुंटचा शेवटचा कौल.'

आता पाटी काढली, तर मुलीने बापाची इच्छा फाडून फेकली असं होणार. ठेवली, तर तिला ठाऊक असलेली त्यांची शेवटची गोष्ट खोटी ठरणार. मतदान मंगळवारी होतं.

हालिना एका विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करायची. तळघरात पाणी खरंच नळ फुटून आलं की मालकाने सोडलं, हे माणसांना विचारून काढण्यात तिची नोकरीची सगळी वर्षं गेली होती. बाईंना घेऊन ती आत गेली आणि कोट न काढताच तिने ओट्यावर कॉफी ठेवली.

"बाई, किल्ली तुमच्याकडे आहे."

"आहे की. झाडांना पाणी घालायला. तुझ्याकडे आहे, तुझ्या भावाकडे आहे, माझ्याकडे आहे. म्हणजे मी चोर?"

"मी तसं म्हटलं का?"

"नजरेने म्हटलंस. बापासारखीच बघतेस." बाईंनी कोटाचा गळा उलटून दाखवला. आत दुसऱ्या उमेदवार ओल्मेडोबाईंच्या प्रचाराचा बिल्ला टाचलेला होता. "हे बघ. मी त्या मॅकगर्कची पाटी लावीन? माझ्या घरात उंदीर झाला तरी त्याला मी मॅकगर्क म्हणून हाक मारते."

"काल संध्याकाळी खाली कोणाचा आवाज?"

"मालिका चालू होती. त्या पोरीचं लग्न मोडत होतं. खाली हत्ती नाचला असता तरी कळलं नसतं." बाईंनी कोटाचा गळा सारखा केला. "मी कुठे जाते गं? मला गाडी चालवता येत नाही, बर्फात पाय ठेवायची भीती वाटते. पायऱ्या झाडते तेवढंच."

"आज नेमक्या झाडल्यात."

"मग काय, घसरून पडायचं होतं तुला?"

हालिनाने डोळे मिटले. उपकार करणाऱ्या माणसांनी पुराव्याचं जेवढं नुकसान केलं असेल, तेवढं चोरांनी कधी केलं नसेल.

३

सोब्चाककाका समोरच्या घरात राहायचे. ताताचे आगारातले जोडीदार. दार उघडल्या उघडल्या त्यांनी पत्रक फडकवलं.

"मी म्हटलं नव्हतं? शेवटी मॅकगर्कच! मला माहीतच होतं."

"कसं माहीत होतं, काका?"

"झिग्मुंटनेच सांगितलं. रुग्णालयात. मी विचारलं, बाबा रे, कोण? त्याने डोळा मिचकावला."

"डोळा मिचकावला, म्हणजे मॅकगर्क?"

"मग काय! ओल्मेडोबाईसाठी कोणी डोळा मिचकावील का?"

"तोंडाने काय म्हणाले ते?"

काकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "तोंडाने... असंच काहीतरी. तू मला उलटतपासणी करतेस का गं? तुला या मांडीवर घोडा घोडा केलंय."

"काका, तुम्ही शुक्रवारी संध्याकाळी कुठे होता?"

"बोलिंगला. मग घरी. तुमच्याकडे कशाला येऊ? आलो असतो तर रस्ता ओलांडून आलो असतो, चार पावलं. आणि आत शिरणार कुठून? झिग्मुंटने मला किल्ली कधी दिली नाही. म्हणायचा, तू माझी बियर संपवशील." त्यांचा आवाज एकदम खाली आला. "खरं होतं ते."

बाहेर पडताना हालिनाने इस्त्रीच्या टेबलाकडे बोट केलं. "हे मोडलेलं कसं?"

"त्या पोराने! मॅकगर्कचा पोऱ्या, कुठल्याशा वाळवंटातून आलाय. मागच्या आठवड्यात माझं टेबल उचलून कचऱ्यात टाकलं आणि तिथे गाडी लावून गेला निवांत. कोणीतरी रात्रभर त्याच्या गाडीवर पाणी ओतलं. सकाळी दारं उघडेनात. दुपारपर्यंत केटलीने गरम पाणी घालत होता बिचारा."

"कोणीतरी म्हणजे?"

"मला काय माहीत," काका म्हणाले, आणि दाराशी ठेवलेली बादली त्यांनी पायाने आत सरकवली. "पण मॅकगर्कचं त्याच्यावरून ठरत नाही हां. माणूस चांगलाय. आणि लेशेक म्हणत होता ना अंत्यविधीनंतरच्या जेवणाला, चौकाला झिग्मुंटचं नाव लागायला हवं, शहर मानाची नावं लावतं तसल्या तपकिरी पाटीवर. हे कोण करील? महापौरच करील."

हालिनाला ते जेवण आठवत होतं. तिने कोबीच्या गुंडाळ्या वाढल्या होत्या, आणि तिचा धाकटा भाऊ लेशेक कोपऱ्यात उभा राहून ज्याला त्याला सांगत होता की ताताच्या नावाने काहीतरी झालं पाहिजे. तिला तेव्हा राग आला होता. आजारपणात तो कितीदा आला होता, हे सगळ्यांना माहीत होतं.

ती मॅकगर्कच्या कचेरीकडे चालू लागली.

४

कचेरी म्हणजे बंद पडलेलं बुटांचं दुकान. मांडणीवर पत्रकांचे गठ्ठे आणि भिंतीवर मॅकगर्क, नऊ वेळा, प्रत्येक वेळी तेवढेच दात दाखवत. पलीकडे एक सडपातळ तरुण दोन स्वेटरांवर कोट घालून हीटरला चिकटून बसला होता. त्याचं नाव ट्रेंट ऑल्ड्रिच.

"मॅडम, तुमच्या वडिलांबद्दल फार वाईट वाटलं."

"दिसलं. पत्रकावर."

"तो फोटो आम्ही रस्त्यावरून घेतला. रस्त्यावरून कोणीही घेऊ शकतं."

"पाटी कोणी लावली?"

"कुटुंबाने लावली असेल ना. घर कुटुंबाचं आहे." तो हे इतक्या सफाईने बोलला की वाक्य आधी सरावलेलं असावं असं हालिनाला वाटलं. नोकरीत तिने अशी वाक्यं फार ऐकली होती.

"फोटो घ्यायला सकाळी सकाळी त्या गल्लीत तुम्ही सहज गेला होता?"

"आम्ही सगळ्याच गल्ल्यांत जातो."

"गाडीने?"

त्याने कपाळाला हात लावला. "नाही, नाही. त्या गल्लीत मी गाडी नेत नाही आता. बाजाराच्या आवारात लावतो आणि चालत जातो. मॅडम, तुम्ही शिकलेल्या दिसता, मला एकदा समजावून सांगा. सार्वजनिक रस्ता. त्यावर मोडकी खुर्ची. खुर्ची हलवली, तर गुन्हा कोणाचा?"

"तुमचा."

"आणि खुर्ची हलवून गाडी लावली, काम झालं, गाडी काढली. मग?"

"मग खुर्ची होती तिथे परत ठेवायची," हालिना वैतागून म्हणाली. "हे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं."

"आमच्याकडच्या पाच वर्षांच्या मुलाला नाही कळत हो." तो हसला, मग तिचा चेहरा पाहून थांबला. "तुमच्या वडिलांचं नाव त्या चौकाला लागणार आहे. साहेबांनी शब्द दिलाय. एवढं तरी बरं वाटू द्या."

"शब्द कोणाला दिलाय?"

ट्रेंटने हीटरकडे तोंड फिरवलं. "असंच. जनतेला."

संध्याकाळी तिने लेशेकला फोन केला. तो शहराबाहेर, एक तासाच्या अंतरावर राहायचा.

"बघितलं मी पत्रक," तो म्हणाला. "कोणीतरी पाठवलं. चांगलं दिसतंय की."

"लेशेक, ते म्हणाले होते रिकामी ठेव."

"तुला म्हणाले होते." त्याने घसा खाकरला. "नंतर मन बदललं असेल. आजारी माणूस. दुसऱ्या कोणाला बोलले असतील. सगळं तुलाच सांगायला हवं होतं असं कुठे आहे?"

"तुझी किल्ली कुठे आहे?"

"कुठेतरी खणात. अंत्यविधीनंतर मी आलोच नाही तिकडे. आणि काल तर आमच्याकडे बर्फामुळे कोणी हललं नाही. हालिना, सोड ना. मंगळवारी संपेल सगळं."

तिने फोन ठेवला. ताताच्या घरीच, आपल्या जुन्या खोलीत ती झोपली, म्हणजे नुसती पडून राहिली. दुसऱ्या कोणाला बोलले असतील. बापाच्या शेवटच्या दिवसांत आपण जवळ होतो, एवढ्या एका गोष्टीवर ती हे तीन आठवडे चालली होती, आणि आता कोणीतरी तीच काढून नेत होतं.

५

पहाटे पुन्हा भुरभुर झाली. रविवारी सकाळी भुरभुर थांबल्यावर ती दूध आणायला निघाली. गाडी मागे घेतली, बाहेर काढली, आणि सवयीने खुर्ची परत ठेवायला उतरली.

खुर्ची हातात तशीच राहिली.

रस्ता पांढरा होता. फक्त तिची गाडी जिथे उभी होती तिथे एक काळा, कोरडा चौकोन उरला होता. अगदी काल सकाळसारखाच.

काल सकाळी तिथे गाडी नव्हती, खुर्ची होती. गुरुवारी तिने ठेवलेली. शुक्रवारी संध्याकाळी ती बाहेरच असती, तर गादीवर इस्त्रीच्या टेबलासारखा थर बसला असता आणि खालचं डांबर पांढरं झालं असतं. म्हणजे बर्फ पडत होतं तेवढा वेळ या जागेवर कोणाचीतरी गाडी उभी होती, आणि खुर्ची कुठल्यातरी छपराखाली होती. बर्फ थांबल्यावर गाडी गेली आणि खुर्ची परत आली.

मागून कोणीतरी भोंगा वाजवला. तिला ऐकूच आला नाही.

आपोआप एकेक नाव गळत गेलं. बारिएन्तोसबाई वरच राहतात, त्यांना गाडीच चालवता येत नाही. सोब्चाककाका चार पावलं चालत आले असते, आणि किल्ली त्यांना कधी मिळालीच नाही. ट्रेंटने खुर्ची फेकली असती किंवा खुर्चीला घाबरून गाडी आणलीच नसती. काढलेली खुर्ची परत जागेवर ठेवायची असते, हे त्याला काल तिनेच शिकवलं होतं. आणि किल्ली त्याच्याकडेही नव्हतीच.

जो आला त्याला दुरून यावं लागलं होतं. त्याच्याजवळ किल्ली होती. चोरून आला होता, चोरून जात होता, घाईत होता. आणि तरीही गाडी काढल्यावर खाली उतरून त्याने खुर्ची जागेवर ठेवली होती, कारण न ठेवणं त्याला जमलंच नाही.

"ओ बाई!" मागच्या गाडीतला माणूस ओरडला. "खुर्ची विकत घेताय का?"

तिने खुर्ची ठेवली. गाडी चर्चच्या आवारात लावून ती परत आली आणि भावाला फोन केला. "जेवायला ये. ताताचे कपडे वाटून घ्यायचेत."

६

लेशेक दुपारी आला. ती पडद्याआड उभी राहून बघत होती. त्याने गाडी थांबवली, खुर्ची उचलली, आणि ती फुटपाथवर न ठेवता पायऱ्यांवरच्या छपराखाली, भिंतीला पाठ लावून ठेवली. ताता तसंच करायचे, गादी भिजू नये म्हणून.

जेवताना तो खिडकीकडे पाठ करून बसला. कपडे बघितले. एक जाड स्वेटर त्याने बराच वेळ हातात धरला आणि पिशवीत घातला.

"शुक्रवारी आला होतास?" तिने विचारलं.

"सांगितलं ना नाही म्हणून. तू ऑफिसातून सुटत नाहीस का कधी? मीही दावा दाखल केलाय का?"

"नाही आलास तर नाही."

"नाही आलो."

"बरं. नीट जा मग."

तो दोन पिशव्या घेऊन बाहेर पडला. हालिना खिडकीशी, त्या हिरव्या पाटीच्या शेजारी जाऊन उभी राहिली. लेशेकने पिशव्या मागे टाकल्या, गाडी सुरू केली, बाहेर काढली. तो रागात होता, हे गाडीच्या आवाजावरूनही कळत होतं. गाडी दोन घरं पुढे गेली.

आणि थांबली.

मागून येणाऱ्या ट्रकने भोंगा वाजवला. लेशेक उतरला, हात वर करून ट्रकवाल्याला थांबवलं, पळत मागे आला, छपराखालची पिवळी खुर्ची उचलली आणि जागेच्या बरोबर मधोमध ठेवली. पाठ रस्त्याकडे. मग एक पाय जरा वाकडा वाटला म्हणून तो सरळ केला.

हालिनाने काचेवर बोटाने टकटक केलं.

त्याने वर बघितलं. आधी पाटीकडे, मग तिच्याकडे, मग हाताखालच्या खुर्चीकडे. ट्रक कोकलत होता. लेशेकचा हात खुर्चीच्या पाठीवरून निघाला नाही.

७

"त्यांनी फोन केला होता," तो स्वयंपाकघरात कोटासकट बसून म्हणाला. "तो मॅकगर्कचा ट्रेंट. म्हणाला, खिडकीत पाटी लागली तर चौकाला नाव लागेल. साहेबांचा शब्द. पाटीही त्यानेच घरी पाठवली."

"आणि तू खिडकी दिलीस."

"मी बदल्यात नाव घेतलं! त्यांचं नाव, चौकात, खांबावर! इतकी वर्षं लोकांचे दिवे दुरुस्त करून मिळालं काय त्यांना? एक तरी गोष्ट मी केली असती त्यांच्यासाठी. बाकी सगळं तूच केलंस."

"लेशेक, ताता तुला काही बोलले होते? पाटीबद्दल?"

प्रश्न अगदी सपाट आवाजात आला, पण तिने ओट्याची कड धरली होती.

त्याने मान हलवली. "काहीच नाही. फोनवर म्हणायचे, गाडीचं तेल बदल. एवढंच." तो नाक पुसत हसला. "लहानपणी पाटीची चिकटपट्टी मी लावायचो, आठवतं? तू पाटी धरायचीस. यंदा कोणी बोलावलं नाही. मला वाटलं, विसरले."

"विसरले नव्हते. यंदा पाटीच नव्हती."

ती म्हणाली, "नाव असं लागलं असतं आणि ताता असते, तर रोज त्या चौकातून मान खाली घालून गेले असते. तुला माहीताय ते."

"माहीताय." तो उठला. "काढू?"

"लावलीस तू, काढ तूच. आणि गल्लीला सांगायचंही तूच. मी सांगून कोणाला पटायचं नाही."

त्याने नखांनी चिकटपट्टीचे चारही कोपरे सोडवले, पाटीची घडी घातली आणि ती हातात धरून तसाच रस्ता ओलांडून सोब्चाककाकांच्या दारात गेला. काकांना सांगितलं म्हणजे गल्लीला सांगितलं. हालिनाला खिडकीतून काकांचे हातवारे दिसत होते. आधी शिव्या, मग खांद्यावर हात, मग दोघंही तिच्याच घराकडे यायला निघाले.

"हे बघ," काका दारातूनच म्हणाले. "त्या डोळा मिचकावण्याचं. आता हा पोरगा खरं बोललाय तर मीही बोलतो. झिग्मुंट तोंडाने काय म्हणाला होता ते मला आठवतंय. म्हणाला, इग्नासी, यंदा वाच. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी आयुष्यात कधी वाचलंय का काही? म्हणून मीच समजून घेतलं की डोळा मिचकावला."

हालिनाने कॉफीच्या डब्याचं झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"रडतेस का?" काका घाबरून म्हणाले.

"कॉफी करतेय," ती म्हणाली. "बसा."

८

सोमवारभर लोक येत राहिले. मग आता कोण? कोणाला द्यायचं? नऊ नावं आहेत गं, नऊ! बारिएन्तोसबाई तर जिन्यावरून ओल्मेडोबाईंचं नाव असं पुटपुटत होत्या की शेजारच्या गल्लीलाही ऐकू जावं. दुपारी ट्रेंट नवी पाटी घेऊन दारात आला. 'गैरसमज दूर करायला,' तो म्हणाला. हालिनाने त्याला दार उघडलं नाही. सोब्चाककाकांनी मात्र आपलं दार उघडलं, आणि बादली बाहेर आणून ठेवली. ट्रेंट गेला.

रिकामी खिडकी आता रिकामी दिसत नव्हती, फाटलेली दिसत होती. काचेवर चिकटपट्टीचे चार डाग होते. तिथे कोणीही काहीही लावावं, अशी ती वाटत होती.

संध्याकाळी हालिना बाहेर गेली, रस्त्यावरून पिवळी खुर्ची उचलून आत आणली आणि खिडकीत ठेवली. पाठ रस्त्याकडे. लेशेकने पडदे दोन्ही बाजूंना सरकवून बांधले.

अर्थ कोणाला समजावावा लागला नाही. खुर्ची ठेवली, म्हणजे जागा धरलेली आहे, ज्याने उपसली त्याची आहे, आणि दुसऱ्याने तिथे यायचं नाही. मंगळवारी मतदानाला जाणारा जो तो तिथे थांबून हसला. काही थोडा जास्त वेळ थांबले. सोब्चाककाका नवांचीही पत्रकं घेऊन पायरीवर बसले होते आणि चष्मा सावरत मोठ्याने कुरकुरत होते, "हे सगळे एकच लिहितात की! झिग्मुंटने मेल्यावरही कामाला लावलं."

निकाल लागला. नऊपैकी कोणालाही निम्मी मतं मिळाली नाहीत. मॅकगर्क आणि ओल्मेडोबाई यांच्यात पुन्हा निवडणूक, एप्रिलमध्ये.

"म्हणजे आणखी पत्रकं?" काका किंचाळले.

"आणखी पत्रकं," हालिना म्हणाली.

"आणि खुर्ची?"

"राहील तिथेच."

त्या आठवड्यात पुन्हा मोठं बर्फ पडलं. गल्लीत जो तो आपापली जागा उपसून कोणी टेबल, कोणी पिंप, कोणी मोडकी बाबागाडी ठेवून गेला. लेशेक येऊन ताताच्या घरासमोरची जागा उपसून गेला होता, पण तिथे ठेवायला काही उरलं नव्हतं. खुर्ची आत होती. हालिना संध्याकाळी कामावरून आली, तेव्हा गल्लीत गाडी लावायला तसूभर जागा नव्हती. दोन माणसं गाड्या घेऊन गोल गोल फिरत होती.

झिग्मुंटची जागा तेवढी मोकळी होती.